नोंदवहीत ह्यूम पाईप, आत पत्रा : एका मोरीच्या तपासणीची हकिकत

नोंदवहीतली ओळ अशी होती : 'पाईप मोरी, १२०० मिमी ह्यूम पाईप, लांबी ४६ मी, स्थिती चांगली.' मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी पलीकडे नेणारी वाट, आणि ह्यूम पाईप म्हणजे काँक्रीटचा पाईप. दर वर्षी ती नव्या वहीत तशीच उतरत आली होती. मोरीवरचा रस्ता मात्र डाव्या कडेला बसत होता. तिथे तीन वेळा डांबराचं ठिगळ मारून झालं होतं. तिसऱ्या ठिगळाच्या कडेनंही अर्धगोल भेग धरली, तेव्हा ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

जागा अवघड होती. रस्ता उंच भरावावरून जातो आणि मोरी त्याखालून तिरकी जाते. पाईपच्या माथ्यावर साधारण ५ मीटर माती. वरच्या अंगाचं तोंड झुडपांत आणि वाहून आलेल्या काटक्यांत अर्धं बुजलेलं. खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून पुरुषभर उंचीवर लटकलेलं. पाणी वर्षानुवर्षं खाली पडून तिथे डोह झाला होता. त्या तोंडापर्यंत पोचायलाच शिडी लागायची, आत शिरणं तर दूरच.

आत माणूस पाठवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. १२०० मिमीच्या नळीत वाकून जाता येतं, म्हणून पूर्वी लोक जायचे. पण चिखल, कुजलेला पाला आणि कोंडलेली हवा जिथे आहे तिथे प्राणवायू कमी असू शकतो. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जाणं वर्ज्य. हायड्रोजन सल्फाइड तर आणखी फसवा. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. चार वायूंचा मीटर काठीला बांधून आत धरला तेव्हा आकडे ठीक आले, पण ते तोंडापासून ६ मीटरपर्यंतचे. उरलेल्या ४० मीटरबद्दल त्या मीटरनं काहीच सांगितलेलं नव्हतं. शिवाय ज्या नळीच्या मजबुतीबद्दलच शंका आहे, तिच्या आत उभं राहून ती तपासायची हे मला मान्य नव्हतं.

आधीच्या तपासण्या कशा झाल्या असतील, हे तोंडाशी ओणवं होऊन बॅटरी मारली की कळतं. आठ-नऊ मीटर स्वच्छ दिसतं. गुळगुळीत काँक्रीट, तडा नाही, सांधा घट्ट. पुढे काळोख. खालच्या तोंडाकडूनही तेच. तपासणारा माणूस जे दिसलं त्यावरून 'चांगली' लिहितो. मी त्यांना दोष देत नाही, कारण छापील नमुन्यात तीनच रकाने होते : चांगली, मध्यम, खराब. 'दिसले नाही' असं लिहायला जागाच ठेवलेली नव्हती.

बारा मीटरवरची रेघ

सुरुवात सगळ्यांत साध्या साधनानं केली : लांब होणाऱ्या खांबावर बसवलेला झूम कॅमेरा. खांब तोंडाशी उभा करायचा, भिंग नळीच्या मध्यावर आणायचं, दिवा लावायचा आणि बाहेर उभं राहून पडद्यावर बघत झूम वाढवायचा. यंत्र आत जात नाही, त्यामुळे अडकण्याची भीती नाही. दहा मिनिटांत काम होतं. बऱ्याच मोऱ्यांना एवढं पुरतं, आणि कुठल्या मोरीवर महागडी साधनं न्यायची हे ठरवायला तर हेच उत्तम.

इथे त्या दहा मिनिटांनीच सगळं पालटलं. वरच्या तोंडापासून बारा-एक मीटरवर गोल रेघ दिसली, आणि तिच्यापलीकडे उजेड वेगळा वागायला लागला. काँक्रीटवर दिव्याचा प्रकाश सपाट पसरत होता. रेघेपलीकडे तो पट्ट्यापट्ट्यांनी तुटत होता, एक पट्टा उजळ, एक काळा. आमच्यातला एक जण म्हणाला, "हा पन्हाळी पत्रा आहे." म्हणजे लाटांसारख्या वळ्या पाडलेला पोलादी पत्रा.

मग चाकांचा कॅमेरा आत सोडला. गटारांच्या वाहिन्या तपासायला वापरतात तोच : लहानशी गाडी, पुढे फिरतं भिंग, मागे केबल. ती केबल मोलाची असते. वीज तिच्यातून जाते, चित्र तिच्यातून येतं, किती आत गेलो ते रिळावर मोजलं जातं, आणि गाडी अडकली तर ओढून काढायलाही तीच. बिनतारी गाड्याही असतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या परिवहन विभागानं बाजारात मिळणारे भाग जोडून रिमोटवर चालणारी स्वस्त गाडी अशाच मोऱ्यांसाठी तयार केली. लहान आणि सरळ मोरीत तशी गाडी छान काम करते, पण अंतराचा भरवशाचा आकडा हवा असेल तर मी केबलच मागेन.

बाराव्या मीटरला सांधा आला. काँक्रीटचा पाईप संपला आणि चार सेंटिमीटरची पायरी उतरून गाडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हाळी पोलादी पाईपात गेली. जुने नकाशे काढून बघितल्यावर उलगडा झाला. मूळ रस्ता अरुंद होता आणि त्याखाली २४ मीटर लांबीचा पत्र्याचा पाईप होता. रुंदीकरणात भराव दोन्ही बाजूंनी वाढवला, तेव्हा वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १० मीटर ह्यूम पाईप जोडले. जुना पाईप मध्ये तसाच राहिला. दोन्ही तोंडांशी नवं काँक्रीट दिसत असल्यामुळे नोंदवहीतही मोरी 'ह्यूम पाईप' झाली. वाहनांचा सगळा भार ज्या भागावर येतो, तो २४ मीटरचा भाग कागदावर उरलाच नव्हता.

सतराव्या मीटरला गाडी थांबली. आडवं पडलेलं खोड आणि त्यामागे गाळ.

पिंजऱ्यातला ड्रोन, आणि मुकादमाचं बोलणं

खालच्या बाजूनं ड्रोन पाठवला. हा लग्नसमारंभात चित्रीकरण करणारा ड्रोन नव्हे. याच्याभोवती गोल जाळीदार पिंजरा असतो, साधारण ४० सेंटिमीटर व्यासाचा, त्यामुळे तो भिंतीला धडकला तरी पाती वाचतात आणि उड्डाण चालू राहतं. आत उपग्रहाचा सिग्नल नसतो, म्हणून ड्रोन कॅमेरे आणि लेसर स्कॅनर यांच्या आधारानं स्वतःला सावरतो. एका बॅटरीवर दहाएक मिनिटं मिळतात. त्यात जाणं, बघणं आणि परत येणं आलं. म्हणजे आत बघायला प्रत्यक्षात चार-पाच मिनिटं.

एक अडचण सांगायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. पन्हाळी पाईपाच्या सगळ्या वळ्या सारख्याच. स्कॅनर आजूबाजूच्या खाणाखुणांवरून आपण किती पुढे सरकलो हे ठरवतो. जिथे प्रत्येक मीटर आधीच्या मीटरसारखाच दिसतो तिथे त्याचा अंदाज घसरतो. आमच्या पहिल्या उड्डाणात पत्र्याच्या भागाची लांबी २१ मीटर आली, नकाशात २४. तेव्हा दोन्ही सांधे ही पक्की खूण धरली आणि मधली अंतरं त्या मापात बसवून घेतली. नाहीतर भोक एका जागी आणि रस्त्यावरचं खोदकाम तीन मीटर पलीकडे, असं झालं असतं.

ड्रोननं जे दाखवलं ते वरवर बघता दिलासा देणारं होतं. माथा आणि दोन्ही कुशी राखाडी, जस्ताची खडीसाखरेसारखी चकाकी अजून टिकलेली. दोन्ही बाजूंना एका उंचीवर पाण्याची रेघ आणि तिच्या खाली तपकिरी गंज. त्याखाली ३५ सेंटिमीटर गाळ. पाईपाचा दिसणारा बहुतेक भाग चांगला होता. 'स्थिती चांगली, खालच्या भागात किरकोळ गंज' असा अहवाल कुणीही सहज लिहिला असता, आणि आमच्याही पहिल्या मसुद्यात तसं वाक्य होतं.

पण पत्र्याचा पाईप मरतो तो तळातून. वाळू-खडे तळावरून घासत जातात, जस्ताचा थर खरवडला जातो, मग उघड्या पोलादाला पाणी आणि हवा आळीपाळीनं लागते. तळाला भोकं पडली की पाणी पाईपाखालच्या मातीत शिरतं आणि ती माती घेऊन बाहेर पडतं. असा पाईप स्वतःच्या ताकदीवर उभा नसतो. चहूबाजूंनी आवळून धरणारी माती त्याला गोल ठेवते. ती माती गेली की पत्रा कितीही चकाकत असो, त्याला आधार राहत नाही. आमच्या मोरीत नेमका तोच तळ गाळाखाली होता. कॅमेऱ्यानं तो बघितलाच नव्हता.

त्या दिवशी सामान आवरताना मुकादम जवळ आले. या रस्त्यावर त्यांची बरीच वर्षं गेलेली. ते म्हणाले, "साहेब, वरून जेवढं पाणी आत जातं तेवढं खालून निघत नाही. उन्हाळ्यात तर नीट कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही २० लिटरची बादली आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. वरच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या लावून पाणी एका पन्हाळीतून घेतलं : बादली साडेनऊ सेकंदांत भरली. खालच्या तोंडाशी : चौदा सेकंद. पाच-पाच वेळा मोजलं, फरक तोच. सेकंदाला २.१ लिटर आत जात होतं, १.४ बाहेर येत होतं. एक तृतीयांश पाणी मध्येच कुठेतरी जिरत होतं. मग वरच्या तोंडाशी पाणी तपासायचा हिरवा रंग, फ्लुरोसीन, सोडला. खालच्या तोंडातून हिरवं पाणी काही मिनिटांत पडलं. पाऊण तासानं तोंडभिंतीच्या डाव्या कुशीला, पाईपाच्या बाहेर, दगडांच्या फटीतून हिरवा ओघळ उतरताना दिसला. बोटाएवढाच, पण स्वच्छ हिरवा. मुकादम तिथे उकिडवे बसून त्याकडे बराच वेळ बघत होते.

दूरून तपासणी म्हटलं की लोकांना ड्रोन आठवतो. या मोरीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बादलीनं आणि रंगानं सांगितली, आणि ती विचारायची बुद्धी मुकादमांची.

रस्त्यावरून

पोकळी कुठे आहे हे शोधायला रस्त्यावरून भूवेधी रडार फिरवलं. ढकलगाडीसारखं यंत्र, खाली लहरी सोडतं, परत आलेल्या लहरींवरून थर दाखवतं. कोरड्या वाळूत ते छान चालतं. ओल्या चिकणमातीत लहरी लवकर विरतात, आणि आमचा भराव चिकणमातीचाच होता. दीड मीटरच्या खाली नुसती धूसर राख दिसत होती. रडार चालवणाऱ्यांच्या अहवालात ओळ होती, 'पोकळी आढळली नाही'. ती मी बदलून घेतली : 'वरच्या दीड मीटरमध्ये पोकळी आढळली नाही, त्याखाली यंत्राला दिसले नाही.' दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण पहिलं वाचून वरिष्ठांनी रस्ता चालू ठेवला असता.

ठिगळाच्या शेजारी हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक घेतलं. यंत्र वापरलं नाही, कारण त्याच्या वजनाचीच धास्ती होती. ४.२ मीटरला दांडा हाताला हलका लागला आणि आपोआप ६० सेंटिमीटर खाली गेला. धरणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दांडा सोडून मागे सरले.

त्याच संध्याकाळी जड वाहनं बंद केली आणि डावी मार्गिका अडवली. कुरकुर झाली, रस्ता तर दिसायला ठीक होता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या सॉमर्सबी इथे ८ जून २००७ रोजी, मुसळधार पावसात, जुन्या पॅसिफिक महामार्गाखालची पन्हाळी पोलादी पाईपांची मोरी गेली आणि वरचा रस्ता वाहून गेला. एका कुटुंबाची गाडी त्या खिंडारात पडून पाच जण दगावले. तिथेही पत्रा गंजलेलाच होता. बैठकीत मी एवढंच सांगितलं आणि पुढची चर्चा थांबली.

मोऱ्यांकडे दुर्लक्ष होण्याचं एक कारण जुनं आहे. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. त्यानंतर पुलांच्या तपासणीचे देशव्यापी नियम झाले, पण ते २० फुटांहून, म्हणजे सुमारे ६ मीटरहून, लांब पुलांसाठी. त्याहून लहान मोऱ्या त्या चाळणीतून खाली पडल्या. इतरत्रही थोड्याफार फरकानं हेच होतं : पुलाला तपासनीस मिळतो, मोरीला बॅटरी.

गाळ काढल्यावर

गाळ काढायचा कसा, यावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. जोराच्या फवाऱ्यानं तासाभरात नळी धुऊन निघाली असती. पण तळ फाटलेला असेल तर तोच फवारा उरलीसुरली माती उपसून काढेल. कदाचित गाळच आता भोकं बुजवून बसला असेल. शेवटी दोन्ही तोंडांमधून दोर ओवला, त्याला ओढबादली बांधली आणि खोड आणि गाळ खालच्या बाजूला हळूहळू ओढत आणला. वर वाहतूक अडवलेलीच होती. दर दोन मीटरला थांबून कॅमेरा आत पाठवायचा, मग पुढचा गाळ. चार दिवस लागले.

चौथ्या दिवशी चाकांची गाडी २८व्या मीटरला पोचली आणि चालकानं ती स्वतःहून थांबवली. पुढे चाकाखाली तळ नव्हता. पत्र्याची कड वर वळलेली, करवतीच्या दात्यांसारखी, आणि इतकी पातळ की दिव्याचा उजेड तिच्या बारीक भोकांतून पलीकडे जात होता. खाली काळी पोकळी आणि तिच्यात एक दगड मुळाला लोंबकळत होता, पाण्याच्या धारेनं हलत होता. फिरतं भिंग डावीकडे वळवलं तर पोकळी कुशीच्या मागे वर चढत गेलेली. रस्त्यावरच्या ठिगळाच्या बरोबर खाली. ही फाट ३ मीटर लांब होती. तिच्या अलीकडे-पलीकडे तळाला सुट्या भोकांच्या रांगा.

मग लेसरचं कडं लावून आकार मोजला. गाडीच्या पुढे लावलेलं यंत्र नळीच्या भिंतीवर प्रकाशाचं गोल कडं टाकतं. नळी गोल असेल तर कडं गोल दिसतं, दबली असेल तर लंबगोल, आणि त्यावरून मापं निघतात. धड भागात उंची ११८० ते १२०० मिमी. फाटीच्या जागी १०८५. म्हणजे साडेनऊ टक्के दबलेली. लवचिक पाईपांच्या जुन्या अभ्यासातून चालत आलेला ठोकताळा असा की २० टक्क्यांच्या आसपास माथा उलटा वळून नळी मिटते. ५ टक्क्यांपर्यंत सहसा चिंता नसते. साडेनऊ हा आकडा मधला. पण हा ठोकताळा कुशीला माती आहे असं धरून चालतो. आमच्या नळीची एक कुशी मोकळी होती.

एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही : धड दिसणाऱ्या पत्र्याची उरलेली जाडी. आत माणूस असता तर हातोडीनं ठोकून बघितलं असतं. भरीव पत्रा खणखणीत वाजतो, मागे पोकळी असली की भद्द आवाज येतो. जाडी मोजायचं यंत्रही टेकवता आलं असतं. कॅमेऱ्याला रंग दिसतो, जाडी दिसत नाही. म्हणून अहवालात पत्र्याच्या पूर्ण २४ मीटरसमोर 'जाडी मोजलेली नाही' असं लिहिलं, आणि दुरुस्तीचा हिशेब जुन्या पत्र्याची ताकद शून्य धरून केला.

दुरुस्ती म्हणून आतून नवी प्लास्टिकची नळी सरकवायची आणि मधली फट पातळ सिमेंट-मिश्रणानं भरायची, असं ठरलं. दबलेल्या जागेतून १००० मिमी बाहेरच्या व्यासाची नळी जेमतेम जाते. तिचा आतला व्यास साधारण ९२० मिमी. एवढी अरुंद नळी पुराचं पाणी कसं नेईल, हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. पन्हाळी पत्रा पाण्याला खूप अडवतो, त्याचा खडबडीतपणा हिशेबात गुळगुळीत प्लास्टिकच्या सुमारे दुप्पट धरतात. त्यामुळे नळीच्या आतल्या वहनापुरतं बघितलं तर जुनी १२०० आणि नवी ९२० जवळजवळ बरोबरीच्या ठरतात. खरी अडचण तोंडाशी आहे. तोंड लहान झालं की मोठ्या पावसात पाणी वरच्या अंगाला तुंबतं, तिथे आतला गुळगुळीतपणा कामाला येत नाही. म्हणून वरचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट केलं, आणि पुरासाठी शेजारी थोड्या उंचीवर आणखी एक पाईप रस्ता न खोदता ढकलून बसवला. मिश्रण भरताना नवी नळी तरंगून वर येऊ नये म्हणून ती पाण्यानं भरून ठेवली होती आणि भरणी टप्प्याटप्प्यानं केली. पाईपाबाहेरची पोकळी वरून घेतलेल्या भोकांमधून वेगळी भरली. त्या भोकांत कल्पनेपेक्षा बरंच जास्त मिश्रण गेलं.

नोंदवहीत आता या एका मोरीला चार ओळी आहेत : ०–१२ मी काँक्रीट, १२–३६ मी पत्रा आणि आत अस्तर, ३६–४६ मी काँक्रीट, आणि शेजारचा नवा पाईप. नमुन्यात चौथा रकाना छापून घेतला : 'दिसले नाही – कुठून कुठपर्यंत, का'. तो रिकामा ठेवता येत नाही. काही राहिलं नसेल तर 'काही नाही' असं हातानं लिहून सही करावी लागते.

त्याच रुंदीकरणात लांबवलेल्या आणखी नऊ मोऱ्या या रस्त्यावर आहेत. सगळ्यांच्या नावापुढे 'ह्यूम पाईप, स्थिती चांगली' आहे. खांबावरचा कॅमेरा घेऊन आतापर्यंत चार बघून झाल्या. दोन खरोखरच शेवटपर्यंत काँक्रीटच्या निघाल्या. तिसरीत नवव्या मीटरला गोल रेघ दिसली आणि पलीकडे उजेड पट्ट्यापट्ट्यांनी तुटला. चौथीच्या चौथ्या रकान्यात मुकादमांच्या अक्षरात लिहिलंय : '६ मी ते २९ मी, पाणी भरलेले, दिसले नाही.' तिथे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं बघणारं 'सोनार' यंत्र घेऊन पुढच्या आठवड्यात जायचं आहे. बादलीही गाडीत ठेवली आहे.